आधी हात मागे

गुन्ह्याचा तपास शिकायचा म्हटले की नवख्याला आठवतात भिंग, ठशांची पावडर आणि रक्ताच्या अंशावर निळे चमकणारे ल्युमिनॉल हे रसायन. ही सगळी नंतरची कामे. घटनास्थळी जखमी कोणी नाही याची खात्री झाली की पहिला नियम एकच: कशालाही हात लावायचा नाही. जागा अडवायची, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहायचे, फोटो काढायचे. कंटाळवाणे वाटते खरे, पण निम्मा तपास इथेच जिंकला किंवा हरला जातो.

१९१० साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमाँ लोकारच्या नावाने एक तत्त्व ओळखले जाते: स्पर्श झाला की इकडचे काहीतरी तिकडे जाते आणि तिकडचे इकडे येते. गुन्हेगाराला हे लागू आहे, तसेच तपास करणाऱ्यालाही. ही दुसरी बाजू मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

भिंतीवरचा रक्ताचा एक डाग घ्या. थेंब समोरून काटकोनात आदळला तर डाग गोल उमटतो, तिरपा आला तर लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी केली की थेंबाने भिंतीशी केलेल्या कोनाचा साइन मिळतो. रुंदी ६ मिलिमीटर, लांबी १२, भागाकार ०.५, म्हणजे कोन ३० अंश. लांबट डागाच्या टोकाला निघालेली शेपटी लांबीत धरायची नाही. थेंब कुठल्या दिशेने चालला होता, ते ती सांगते. असे बरेच डाग मोजले की रक्त साधारण कुठून उडाले, याचा अंदाज बांधता येतो. आता हाच डाग कुणाच्या बाहीने पुसटला, किंवा कॅमेरा तिरका धरून फोटो काढला, तर गोल डागही लांबट दिसेल आणि गणित अचूक असून उत्तर चुकेल. म्हणून कॅमेरा समोरून काटकोनात, आणि शेजारी मोजपट्टी.

रक्ताने ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही. आत दमटपणा साठतो, बुरशी आणि जिवाणू वाढतात, डीएनए खराब होतो. कपडा वाळवून कागदी पिशवीत भरतात.

आणि एवढी काळजी घेऊनही फसगत होते. जर्मनीत हाइलब्रॉन इथे २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० घटनांशी जुळत होता. खून, घरफोड्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले गुन्हे! २००९ मध्ये एका पुरुषाच्या ठशांच्या कागदावरही तोच डीएनए निघाला, तेव्हा संशय नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्यांवर गेला. ती स्त्री त्या काड्यांच्या कारखान्यात काम करत होती. काड्या निर्जंतुक होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जातोच असे नाही.

नमुने गोळा करण्याच्या साहित्यात माणसाचा डीएनए मिसळू नये, यासाठी २०१६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने स्वतंत्र मानक काढले. अनेक ठिकाणी आता तपास पथकातल्या लोकांचा डीएनएही नोंदवून ठेवतात. घटनास्थळी मिळालेला नमुना आधी त्यांच्याशीच ताडून पाहिला जातो.