क्षयजंतूंचे रंजन : बेडका तपासणीच्या पद्धती

क्षयरोग्याच्या बेडक्यातील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू यावेत म्हणून काचपट्टीवर केली जाणारी रंगक्रिया. रंग न देता पाहिले, तर पेशी, शेंबूड आणि तोंडातील इतर जंतूंच्या गर्दीत क्षयाचा जंतू सापडत नाही. नेहमीचे ग्रॅम रंजनही त्याच्यावर नीट बसत नाही. त्याच्या पेशीभित्तीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. हा थर साधा रंग आत येऊ देत नाही. मात्र एकदा रंग आत मुरला की आम्लानेही तो धुतला जात नाही. सगळ्या रंजनपद्धती या दुसऱ्या गुणावर उभ्या आहेत. अशा जंतूंना प्रयोगशाळेत सर्रास ‘एएफबी’ (ॲसिड-फास्ट बॅसिलाय, म्हणजे आम्लानेही रंग न सोडणारे जंतू) म्हणतात.

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला तेव्हा त्यांनी अल्कलीयुक्त मिथिलीन ब्लू आणि तपकिरी व्हेसुविन हे रंग वापरले होते. ती पद्धत वेळखाऊ होती. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांनी ॲनिलीन मिसळलेला रंग आणि नंतर आम्लाची धुलाई अशी जोडी बसवली. रंग सुकवायला ठेवलेल्या पट्ट्या शेगडीवर तापल्या आणि जंतू अधिक ठळक दिसले, अशी एक गोष्ट सांगितली जाते. पुढे एर्लिख यांना स्वतःच्याच बेडक्यात हे जंतू सापडले आणि हवापालटासाठी त्यांना इजिप्तला जावे लागले. फ्रान्ट्स झील यांनी ॲनिलीनऐवजी कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, घेतले. फ्रीड्रिख नीलसन यांनी त्याला फुक्सिन या लाल रंगाची आणि गंधकाम्लाची जोड दिली. झील-नीलसन (झेडएन) पद्धतीचे सूत्र तेव्हापासून मुळात तेच राहिले आहे.

झेडएन रंजन : बेडक्यातील पिवळट, पुवासारखा भाग बांबूच्या काडीच्या तुटक्या टोकाने उचलून काचपट्टीवर साधारण 3×2 सेंमी. एवढा पसरतात. लेप किती जाड असावा, याची जुनी खूण आजही चालते : सुकलेली पट्टी वर्तमानपत्रावर धरली की खालची अक्षरे अंधुक वाचता आली पाहिजेत. हवेत सुकल्यावर पट्टी ज्योतीवरून तीन-चार वेळा फिरवून लेप पक्का करतात. त्यावर 1 टक्का कार्बोल फुक्सिन ओततात आणि खालून स्पिरिटच्या बोळ्याने वाफ येईपर्यंत तापवतात. वाफ दिसली पाहिजे, पण उकळी येता कामा नये. रंग पट्टीवरच सुकला तर त्याचे खडे पडतात आणि ते पुढे जंतूंसारखे दिसून फसवतात. पाच मिनिटांनी धुऊन 25 टक्के गंधकाम्ल घालतात. बेडक्यातील बाकी सगळ्यांचा लाल रंग उतरतो, क्षयजंतूंचा राहतो. शेवटी 0.1 टक्का मिथिलीन ब्लू अर्धा मिनिट.

मग 100 पटीच्या तेलभिंगाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. त्या किंचित वाकलेल्या असतात, कधी मण्यांच्या माळेसारख्या तुटक, कधी दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या. खरे कष्ट इथे आहेत. एका क्षेत्रात, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागात, 10 पेक्षा जास्त जंतू दिसले तर 3+ लिहायला 20 क्षेत्रे पुरतात. क्षेत्रामागे 1 ते 10 असतील तर 50 क्षेत्रे पाहून 2+ देतात. 100 क्षेत्रांत मिळून 10 ते 99 सापडले तर 1+, आणि 1 ते 9 सापडले तर ‘स्कँटी’ (तुरळक) म्हणून नेमका आकडा लिहितात. नकारात्मक अहवाल द्यायचा तर मात्र 100 क्षेत्रे पाहावीच लागतात. म्हणजे जिथे काही सापडत नाही तिथेच सर्वाधिक वेळ जातो. पट्ट्यांचा ढीग पडला की हातघाई याच ठिकाणी होते, असे तपासनीसांच्या कामाकडे पाहिल्यावर वाटते.

जंतू दिसण्यासाठी एक मिलि. बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात. संवर्धनाला (कल्चर) 10 ते 100 पुरतात. त्यामुळे ‘बेडका निगेटिव्ह’ या शब्दांचा अर्थ ‘टीबी नाही’ असा लावणे चूक आहे, तरी घराघरांत तो तसाच लावला जातो. लहान मुले बेडका नीट काढू शकत नाहीत, एचआयव्हीबाधितांच्या फुफ्फुसात क्षयाने पडणाऱ्या पोकळ्या कमी असतात म्हणून बेडक्यात जंतू कमी येतात, गाठींचा किंवा मणक्याचा क्षय बेडक्यात उतरतच नाही. या सगळ्यांत पट्टी कोरी निघू शकते. उलट, मेलेले जंतूही रंग घेतात आणि क्षयाचे नसलेले मायकोबॅक्टेरियाही लाल दिसतात. नळाच्या पाण्यात असे निरुपद्रवी जंतू असू शकतात, म्हणून रंग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बनवायचे. आणि तेलाच्या थेंबनळीचे टोक पट्टीला लावायचे नाही, नाहीतर एकाचे जंतू दुसऱ्याच्या अहवालात जातात.

इतर पद्धती : 1915 मधील किन्यून यांच्या ‘थंड’ पद्धतीत फुक्सिन व फिनॉलचे प्रमाण वाढवून तापवणे टाळले जाते. सोय आहे, पण कमी जंतू असलेल्या नमुन्यांत ती मागे पडते. ऑरामाइन हा प्रतिदीप्त (विशिष्ट प्रकाशात चमकणारा) रंग मात्र खरी सुधारणा ठरला. तोही मायकोलिक आम्लांना धरतो. आम्लयुक्त अल्कोहोलने धुऊन पोटॅशियम परमँगनेटने पार्श्वभूमी काळी केली की जंतू पिवळ्या-हिरव्या ठिणग्यांसारखे चमकतात. कमी पटीच्या भिंगाने मोठे क्षेत्र पाहता येते, म्हणून वेळ बराच वाचतो आणि सरासरी 10 टक्के अधिक संवेदनशीलता मिळते. पूर्वी त्यासाठी पाऱ्याचा दिवा आणि अंधारी खोली लागे. एलईडी आल्यावर दोन्ही अडचणी गेल्या, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एलईडी सूक्ष्मदर्शकांची शिफारस केली. रंगवलेली पट्टी उजेडात राहिली तर चमक विझते, एवढे पथ्य.

नाशिक जिल्ह्यातील संदर्भ : 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 61 लाख वस्तीच्या या जिल्ह्यात एकीकडे मालेगावचे यंत्रमाग आणि सिन्नरच्या विडी कामगार वस्त्या, तर दुसरीकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरचे डोंगरी पाडे आहेत. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या निकषानुसार सपाटीवर एक लाख आणि आदिवासी-डोंगरी भागात 50,000 लोकांमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र (डीएमसी) धरले जाते. निकष कागदावर सोपा आहे. पाड्यावरून सकाळचा नमुना वेळेत केंद्रावर पोचणे हे आशाताईंच्या आणि एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. तपासणीला दोन नमुने लागतात, एक जागेवरचा आणि एक पहाटेचा. ‘ताई, नुसती थुंकी नको, छातीतून खाकरून काढा, आणि उघड्यावर काढा,’ हे वाक्य नीट सांगितले गेले की नाही, यावर निकालाचे अर्धे भवितव्य ठरते. लाळ रंगवून काहीच सापडत नाही.

हवामानाचाही त्रास आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात लेप लवकर सुकत नाही आणि ओला लेप ज्योतीवर धरला तर तडकतो. फिनॉल सुमारे 41 अंशांना वितळते. निफाडकडच्या थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवल्याशिवाय ते ओतता येत नाही, आणि जुन्या फुक्सिनमध्ये खडे दिसले तर ते गाळून घ्यावे लागते. वाचून झालेल्या पट्ट्या फेकत नाहीत. वरिष्ठ क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षक केंद्रांना भेटी देतात आणि साठवलेल्या पट्ट्यांतील काही, मूळ निकाल न सांगता, दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घेतल्या जातात. बेडक्याच्या डब्या व काड्या 5 टक्के फिनॉलमध्ये रात्रभर बुडवून मगच विल्हेवाटीला जातात.

सीबीनॅट आणि भारतात विकसित झालेले ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांनी पहिल्या निदानात रंजनाची जागा बरीचशी घेतली आहे. त्या कमी जंतूही पकडतात आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरील मुख्य औषधाला दाद न देणारा क्षयही सांगतात. उपचार लागू पडतो आहे का, हे पाहायला मात्र त्या उपयोगी नाहीत, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ मिळत राहतो. म्हणून दोन महिन्यांच्या पहिल्या टप्प्याअखेर आणि उपचार संपताना आजही पट्टी रंगवली जाते. पहिल्या टप्प्यानंतर ती सकारात्मक आली तर नमुना औषधरोधाच्या तपासणीसाठी पुढे पाठवतात.