ताणाचा वेग आणि त्यावरचे उपाय

ऐन ताणाच्या क्षणी 'शांत हो' असे सांगणे सोपे असते, परंतु शरीरात जे सुरू झालेले असते ते सांगण्याने थांबत नाही. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक काही सेकंदांतच रक्तात उतरते, छाती धडधडू लागते, स्नायू आखडतात, तोंड कोरडे पडते. त्यामागून येणाऱ्या कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाची पातळी साधारणतः 20 ते 30 मिनिटांनी शिगेला पोहोचते. त्यामुळे वाद मिटला तरी शरीर बराच वेळ वादातच असते, आणि रागाच्या भरात लिहिलेले उत्तर तेवढा वेळ न पाठवता ठेवणे शहाणपणाचे ठरते.

हृदयाचे ठोके इच्छेने कमी करता येत नाहीत. श्वासाची गती मात्र बदलता येते. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना व्हेगस या मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या चेतेचा (नसेचा) प्रभाव वाढून ते मंदावतात. म्हणूनच 4 सेकंद श्वास घेऊन 6 सेकंद सोडावा. एरवी मिनिटाला 12 ते 20 असणारे श्वास अशा रीतीने 6 वर येतात. येथे बहुतेकांची एक गफलत होते: 'दीर्घ श्वास' म्हणजे छाती फुगवून भराभर श्वास घेणे, अशी समजूत असते. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरलेला माणूस अधिकच घाबरतो. खांदे वर न उचलता, पोट हळूहळू हलेल इतकाच श्वास पुरे. श्वासाकडे लक्ष देणेच नकोसे वाटत असेल, तर मुठी काही सेकंद घट्ट आवळून एकदम सैल सोडाव्यात.

हे उपाय प्रसंगापुरते आहेत. रोजच रेंगाळणाऱ्या ताणाने शरीराची जी झीज होते, तिला ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी 1993 मध्ये 'ॲलोस्टॅटिक लोड' असे नाव दिले. या ताणात प्रसंगाच्या तीव्रतेइतकेच महत्त्व अनिश्चिततेला असते. संशोधक जे वाइस (Jay Weiss) यांच्या प्रयोगांत सारखेच विजेचे धक्के बसलेल्या उंदरांपैकी ज्यांना आधी इशारा मिळे, त्यांच्या जठरात कमी व्रण आढळले. माणसाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तपासणीचा अहवाल नेमका कधी मिळेल हे विचारून घ्यावे. कामाचे संदेश पाहण्याच्या वेळा ठरवाव्यात. दुसऱ्या दिवशीची कामे झोपण्यापूर्वी 5 मिनिटे कागदावर मांडणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागल्याचे 2018 मधील एका लहान अभ्यासात दिसले. व्यायाम आणि पुरेशी झोप यांचे महत्त्व सर्वांना ठाऊक असते, तरी ताण वाढला की सर्वांत आधी त्यांनाच कात्री लागते.

कामाचा बोजाच अवाजवी असेल, तर श्वसनाने तो हलका होत नाही. तेथे काम वाटून घेणे किंवा स्पष्ट नकार देणे हाच उपाय. झोप, भूक किंवा कामातील लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिल्यास डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. छातीत दुखल्यास 'ताणामुळेच असेल' असे परस्पर ठरवू नये; ते ठरवणे तातडीच्या तपासणीनंतर डॉक्टरांचे काम आहे.