कोरडा हिरो वेगळा, घुम्या हिरो वेगळा

मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहिला की पोरं हमखास म्हणतात, "लईच कोरडा हिरो आहे, जवळचं माणूस मेलं तरी डोळ्याला पाणी नाही." मला हे पटत नाही. आत काहीच नसलं तरी डोळा कोरडा राहतो, आणि आतलं बाहेर येऊ द्यायचं नसलं तरी. या दुसऱ्याला आमच्याकडं घुम्या म्हणतात.

अस्सल कोरडा पाहायचा तर 1991 चा 'टर्मिनेटर 2'. तो यंत्रमानव माणसं मारत नाही, पायावर गोळी घालतो. दया आली म्हणून नाही, ज्या पोराला तो वाचवायला आलाय त्यानं जीव घेऊ नको असं बजावलंय म्हणून. शेवटी रडणं म्हणजे काय ते त्याला उमगतं, पण रडता येत नाही.

घुम्या म्हणजे माझा मामा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा त्यानं देवणी बैलजोडी हाळीच्या बाजारात विकली. दावी तेवढी सोडून घेतली, नोटा मोजून बंडीच्या खिशात घातल्या, चहा पिला आणि एसटीत बसला. घरी मामी म्हणाली, "तुम्हाला काहीच कसं वाटंना?" मामा बोलला नाही. पोळ्याच्या दिवशी मात्र गोठ्यात खुंटीवरची ती दावी काढून तेल लावताना मी त्याला पाहिलं.

2004 च्या 'द बॉर्न सुप्रीमसी'त जेसन बॉर्न, म्हणजे पूर्वी सरकारसाठी माणसं मारणारा हिरो, हेच करतो. गोव्यात त्याच्या प्रेयसीला, मारीला, गोळी लागते, गाडी पुलावरून नदीत पडते. पाण्याखाली तो तिच्या तोंडात श्वास भरत राहतो आणि शेवटी तिला सोडून देतो. नंतर किनाऱ्यावर तिचं सामान जाळतो, एक फोटो तेवढा ठेवतो. पुढचा सगळा सिनेमा पाठलाग आणि हाणामारीचा, चेहरा तसाच. पण शेवटी जखमी अवस्थेत मॉस्कोत एका मुलीच्या घरी जातो आणि तुझे आईवडील मीच मारले, असं तिला सांगतो. कोरड्या माणसाला याची गरजच पडली नसती. म्हणून मी चेहरा बघत नाही. त्यानं काय जपून ठेवलं आणि कोणतं काम नसताना कुठं गेला, ते बघतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 2008 च्या 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये. बॉण्डच्या मिठीत मित्र जीव सोडतो आणि बॉण्ड त्याचं प्रेत कचऱ्याच्या पेटीत टाकून, पाकिटातले पैसे काढून चालू लागतो. इथं मीही पहिल्यांदा फसलो होतो. 2006 चा 'कॅसिनो रॉयल' नंतर पाहिला, तेव्हा उलगडा झाला. हा दुसरा भाग पहिला संपतो तिथूनच, थोड्याच वेळानं सुरू होतो. त्याचा जिच्यावर जीव होता ती व्हेस्पर नुकतीच डोळ्यांदेखत बुडून मेलेली असते. शेवटी रशियातल्या बर्फात तो तिची गळ्यातली साखळी हातातून सोडतो. तोवर ती त्याच्याजवळच होती.