सायकल कौशल्यातील पठारावस्था

सायकलवरील एखादे कौशल्य सुरुवातीला झपाट्याने वाढते आणि मग रोजचा सराव चालू असूनही जागच्या जागी अडते. या अवस्थेला पठारावस्था म्हणतात. ही संज्ञा अध्ययनाच्या मानसशास्त्रातली आहे. विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ मध्ये तारायंत्राचे संदेश टिपायला शिकणाऱ्यांचे अध्ययन वक्र मांडले, तेव्हा वर चढणारी रेषा मध्येच सपाट झालेली दिसली.

सायकलवर हे बहुधा चुकीची लकब अंगवळणी पडल्याने होते. बनी हॉपमध्ये, म्हणजे सायकलसकट मारायच्या उडीत, आधी वजन मागे नेऊन पुढचे चाक उचलायचे असते, मग हँडल पुढे ढकलत मागचे चाक वर घ्यायचे असते. नवशिका दंडाच्या जोरावर दोन्ही चाके एकदम ओढतो. त्याने थोडी उंची मिळते खरी, पण पुढे ती वाढत नाही. तीच उडी शंभरदा मारली, तर पक्की होते ती चूकच.

ही लकब मोडायला खेळ फार उपयोगी पडतो, कारण खेळात परिस्थिती सतत बदलते. रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांच्या १९७८ च्या प्रयोगात काही मुलांनी एकाच अंतरावर नेम धरण्याचा सराव केला, तर काहींनी त्याहून कमी आणि जास्त अंतरांवर. चाचणी पहिल्या गटाच्या अंतरावर झाली, तरी सरस ठरला दुसरा गट.

सायकलवरचे खेळ साधे असतात: सर्वांत शेवटी पोहोचेल तो जिंकेल अशी संथ शर्यत, चालत्या सायकलवरून जमिनीवरची बाटली उचलणे, किंवा खडूने आखलेल्या चौकोनात एकमेकांना हुलकावण्या देणे, पाय टेकला की बाद. या शेवटच्या खेळात ट्रॅक स्टँड, म्हणजे जागच्या जागी तोल धरणे, नकळत येते. पुढचे चाक किंचित वळवून ठेवले की सायकल पुढेमागे हलताना टायरचा टेका डावीउजवीकडे सरकतो आणि तोल सावरता येतो. शब्दांत समजावून हे क्वचितच उमगते. खेळताना लक्ष प्रतिस्पर्ध्याकडे असते, त्यामुळे भीतीने आवळलेले हात आपोआप सैल पडतात. प्रौढांना पडण्याची भीती बहुधा जास्त वाटते, म्हणूनच त्यांना अशा खेळांची गरज मुलांपेक्षा जास्त असते.

खेळ सोपा वाटू लागला की चौकोन लहान करावा किंवा दुसऱ्या हाताने बाटली उचलावी. मात्र प्रत्येक अडथळा सरावाचा नसतो. सीटची उंची, ब्रेकच्या लिव्हरचे अंतर, टायरमधील हवा आणि अंगातला थकवा आधी तपासलेला बरा.