गावचा खर्च, शहरचा खर्च: हे अंतर आलं कुठून

मी नाशिकला पाथर्डी फाट्यावर राहतो, मावशी निफाडजवळच्या गावात. महिन्याचा हिशोब मांडला की माझा आकडा तिच्यापेक्षा बराच मोठा निघतो, आणि त्यावरून कुणी "शहरवाले मजेत" म्हटलं की मला खरंच राग येतो, कारण पगार झाला की पहिला मोठा घास घरभाडंच खातं.

असा घरखर्च मोजायचं काम संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेल्या नॅशनल सॅम्पल सर्व्हे या सरकारी पाहणीकडे आहे. २०११-१२ मध्ये माणशी महिन्याला खेड्यात १,४३० आणि शहरात २,६३० रुपये खर्च होता, म्हणजे शहर साधारण ८४ टक्क्यांनी पुढे. मग २०१७-१८ चा सर्व्हे झाला पण डेटाच्या क्वालिटीचं कारण देऊन सरकारने तो जाहीरच केला नाही, आणि इतकी वर्षं आपण जुन्याच आकड्यांवर गरिबीबद्दल भांडत बसलो, हे मला फार चुकीचं वाटतं. २०२३-२४ मध्ये खेड्यात ४,१२२, शहरात ६,९९६. फरक ७० टक्क्यांवर आला.

आता हा फरक कमी का झाला ते मावशीच्या घरात दिसतं. पूर्वी तिच्याकडे बाजरीचं दळण आणि तेल-मीठ सोडलं तर पैसे द्यायचे प्रसंगच कमी, आता सुनेच्या किराण्यात बिस्किटाचे पुडे, फरसाण, शाम्पू, वर दोन मोबाईलचे रिचार्ज आणि मुलाच्या गाडीचं पेट्रोल. देशभर असंच आहे: १९९९-२००० मध्ये खेड्यातल्या खर्चात धान्याचा वाटा २२ टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्याही खाली गेला. त्यात रेशनच्या स्वस्त आणि फुकट धान्याचाही हात आहेच.

तरी जो फरक उरलाय तो कशाने, तर आधी भाड्याचं बघा. २०२२-२३ मध्ये शहरी खर्चात त्याचा वाटा साडेसहा टक्के, खेड्यात एक टक्कासुद्धा नाही, कारण तिथे बहुतेकांचं घर स्वतःचं.

आणि कांदा! मावशी साठवणीच्या कांदाचाळीतून चार कांदे काढून आणते ते सर्व्हेत धरतात शेतावरच्या भावाने, आणि मी तोच कांदा हातगाडीवरून घेतो तेव्हा त्यात हमाली, गाडीभाडं, व्यापाऱ्याचा आणि गाडीवाल्याचा नफा सगळं चढलेलं असतं. भाजी दोन्ही घरी तेवढीच होते, हिशोबात मात्र माझी महाग.