क्रिसोस्टम, संत जॉन

(सु. ३४७ – १४ सप्टेंबर ४०७). कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) आर्चबिशप, आरंभीच्या ख्रिस्ती चर्चमधील सर्वांत प्रभावी प्रवचनकार आणि पूर्व (ऑर्थोडॉक्स) व पश्चिम (कॅथलिक) अशा दोन्ही परंपरांनी मानलेले संत. ‘क्रिसोस्टम’ हे आडनाव नव्हे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सोन्याच्या मुखाचा’ असा होतो आणि ही उपाधी त्यांच्या मृत्यूनंतर रूढ झाली. ज्या वाणीने त्यांना मोठेपण दिले, तिच्याच पायी त्यांना पद आणि प्राण गमवावे लागले.

जन्म सिरियातील अँटिऑक शहरात (आजचे तुर्कस्तानातील अंताक्या). वडील लष्करी अधिकारी होते. जॉन तान्हे असतानाच ते वारले. आई अँथुसा विशीत विधवा झाली. तिने पुन्हा लग्न केले नाही आणि मुलाला उत्तम शिक्षण दिले. वक्तृत्वाचे शिक्षण जॉन यांनी लिबॅनियस या ख्यातनाम गुरूकडे घेतले. हे गुरू जुन्या ग्रीक देवतांचे उपासक होते. ‘तुमच्यामागे गादी कोणाला?’ असे विचारल्यावर, ‘ख्रिस्ती लोकांनी पळवला नसता तर जॉनला’, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे.

बाप्तिस्मा घेतल्यावर जॉन डोंगरात तपश्चर्येला गेले. चार वर्षे एका वृद्ध साधूच्या मार्गदर्शनाखाली आणि दोन वर्षे गुहेत एकटे राहून त्यांनी बायबल मुखोद्गत केले. झोप जवळजवळ सोडली. थंडी आणि उपासाने पोट व मूत्रपिंडे कायमची बिघडली, तेव्हा नाइलाजाने ते शहरात परतले. ३८६ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

पुढच्याच वर्षी शहरावर मोठे संकट आले. नव्या कराविरुद्ध चिडलेल्या जमावाने सम्राट थिओडोशियस व त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडून रस्त्यांतून फरफटत नेले. हा राजद्रोहच होता. लोक घरेदारे सोडून पळू लागले. वृद्ध बिशप फ्लेव्हियन दयेची याचना करायला राजधानीकडे निघाले आणि इकडे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात जॉन भेदरलेल्या लोकांना धीर देत राहिले. अखेर सम्राटाने माफी दिली. ‘पुतळ्यांविषयीची प्रवचने’ म्हणून ही २१ प्रवचने आजही वाचली जातात.

त्यांच्या बोलण्यात रोजचे शहर दिसते. एकदा प्रवचन चालू असताना सेवक दिवे लावू लागला आणि श्रोत्यांच्या माना तिकडे वळल्या. जॉन तिथेच थांबले. मी तुमच्यासमोर शास्त्राचा दिवा लावतोय आणि तुम्ही त्या दिव्याकडे बघता, असे त्यांनी सुनावले, आणि तोच धागा पकडून पुढे बोलू लागले. पण त्यांचा खरा जिव्हाळ्याचा विषय गरिबी हा होता. वेदीवर ख्रिस्ताला सोन्याचा चषक वाहायचा आणि दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे त्यांना मुळीच खपत नसे. आधी भुकेल्याचे पोट भरा, उरेल त्यातून वेदी सजवा, असे ते सांगत. आपल्याकडचे संतवाङ्मय वाचणाऱ्याला ही तळमळ परकी वाटणार नाही.

याच वाणीची काळी बाजूही सांगायला हवी. सिनॅगॉगमधील (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातील) सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना रोखण्यासाठी ३८६–८७ मध्ये त्यांनी दिलेल्या आठ प्रवचनांत ज्यूंविषयी अत्यंत विखारी भाषा आहे. पुढे शतकानुशतके ज्यूद्वेष्ट्यांनी तिचा आधार घेतला. तेव्हाच्या वक्तृत्वाची ती रीत होती, एवढ्याने तिचे समर्थन होत नाही.

३९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलची गादी रिकामी झाली. अँटिऑकचे लोक सोडणार नाहीत म्हणून जॉनना गुपचूप शहराबाहेर नेऊन राजधानीला पाठवण्यात आले. २६ फेब्रुवारी ३९८ रोजी त्यांचा अभिषेक झाला. त्यांनी बिशपवाड्याचा खर्च छाटला, मेजवान्या बंद केल्या आणि वाचलेला पैसा रुग्णालयांकडे वळवला. गॉथ या जर्मानिक टोळीच्या लोकांसाठी वेगळे चर्च दिले आणि तिथे दुभाष्यामार्फत प्रवचनही केले. या शिस्तीने सुखासीन धर्मगुरू दुखावले. दरबारी स्त्रियांच्या थाटामाटावरील टीका सम्राज्ञी युडॉक्सियाला झोंबली. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचे पॅट्रिआर्क (प्रमुख धर्माधिकारी) थिओफिलस आधीपासूनच विरोधात होते.

४०३ मध्ये कॅल्सेडनजवळ थिओफिलसच्या पुढाकाराने ‘ओक’ या ठिकाणी धर्मसभा भरली आणि तिने जॉनना पदच्युत केले. आरोपांची यादी वाचण्यासारखी आहे : चर्चच्या सजावटीचा संगमरवर विकला, पाहुण्यांना टाळून एकटेच जेवतात! हद्दपारी झाली, पण लोक खवळले आणि राजवाड्यातही काही अशुभ घडल्याने सम्राज्ञी घाबरली. त्यांना लगोलग परत बोलावण्यात आले. काही महिन्यांतच मुख्य चर्चजवळ सम्राज्ञीचा चांदीचा पुतळा उभा राहिला. त्या समारंभाच्या गोंगाटावर जॉन बोलले आणि समेट मोडला. या पुतळ्याच्या स्तंभाचा कोरीव लेख असलेला पाया आज इस्तंबूलमधील आयासोफियाच्या आवारात आहे.

जून ४०४ मध्ये त्यांना आर्मेनियाच्या सीमेवरील कुकुसस येथे धाडण्यात आले. तिथून लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांपैकी १७ त्यांची निष्ठावान सहकारी ऑलिंपियस या चर्चच्या सेविकेला (डीकनेस) आहेत. तिचे नैराश्य दूर करण्याचा त्यांचा प्रयत्न त्यांत पानोपानी दिसतो. हद्दपारीतही त्यांचा प्रभाव ओसरेना, म्हणून ४०७ मध्ये काळ्या समुद्राच्या टोकाशी असलेल्या पिटियसला नेण्याचा हुकूम सुटला. आजारी वृद्धाला ऊनपावसात पायी चालवण्यात आले. कोमाना गावाजवळ, हुतात्मा बॅसिलिस्कस यांच्या समाधिस्थळी त्यांनी पांढरी वस्त्रे नेसली, अंगावरचे कपडे वाटून टाकले, प्रसाद घेतला आणि ‘सगळ्यासाठी देवाचा गौरव असो’ असे म्हणून प्राण सोडला.

पूर्वेकडील चर्चमध्ये आजही सर्वाधिक वापरली जाणारी उपासनाविधी त्यांच्या नावाने ओळखली जाते, जरी तिची सध्याची रचना पुढच्या काळात झाली. पश्चिमेत त्यांना ‘चर्चचे आचार्य’ मानतात. वसई आणि गोव्यासह सर्वत्र कॅथलिक पंचांगात त्यांचा स्मरणदिन १३ सप्टेंबर, तर पूर्वेकडे मुख्य सण १३ नोव्हेंबर आहे. ४३८ मध्ये त्यांचे अवशेष राजधानीत आणले गेले, तेव्हा युडॉक्सियाचा मुलगा सम्राट दुसरा थिओडोशियस याने शवपेटीवर डोके टेकून आईवडिलांसाठी क्षमा मागितली. पुढे हे अवशेष रोमला नेण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये ते इस्तंबूलच्या पॅट्रिआर्ककडे सुपूर्द केले.