जिमनॅस्टिकच्या ऑलिम्पिक टीममध्ये नाव कसं लागतं: वय, लायसन्स, कोटा आणि निवड

जिमनॅस्टिकच्या क्लासबाहेर मुलांना न्यायला थांबलेल्या आई-बाबांपैकी कोणीतरी हमखास विचारतंच की पुढे इंटरनॅशनलला खेळवायचं असेल तर फॉर्म कुठे भरायचा, ऑनलाइन असतो का, लास्ट डेट काय. तर आधी हेच सांगते की असा फॉर्म खेळाडूला स्वतःहून भरता येत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणजे एफआयजी, ती फक्त देशाच्या फेडरेशनकडूनच एन्ट्री घेते, मग तुम्ही कितीही भारी खेळत असा. म्हणजे आपल्याकडे क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना, मग जिमनॅस्टिक्स फेडरेशन ऑफ इंडिया, आणि तिथून पुढे एफआयजी. ऑलिम्पिक किंवा एशियन गेम्स असतील तर शेवटची एन्ट्री भारतीय ऑलिम्पिक संघटनेमार्फत जाते. ही साखळी एकदा नीट डोक्यात बसली की बाकीचं समजायला सोपं जातं.

वयाचं गणित, इथेच जास्त लोक चुकतात

मुलींना आर्टिस्टिक जिमनॅस्टिकमध्ये सिनियर गटात खेळायचं तर त्या कॅलेंडर वर्षात 16 पूर्ण व्हायला हवीत. स्पर्धेच्या दिवशी 16 पूर्ण पाहिजेत असं नाही, त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत झाली तरी चालतात. पॅरिस 2024 साठी मुलींची जन्मतारीख 31 डिसेंबर 2008 किंवा त्याआधीची हवी होती आणि मुलांची 31 डिसेंबर 2006 किंवा त्याआधीची, कारण मुलांना 18 लागतात. आता विचार करा, 1 जानेवारी 2009 ला जन्मलेली मुलगी, एका दिवसाचा फरक, तिला थेट 2028 ची वाट बघावी लागते, आणि या खेळात चार वर्षं म्हणजे शरीर पूर्ण बदलून जातं. अमेरिकेची हेझ्ली रिवेरा 2008 ची, तिला पॅरिसचं दार जेमतेम उघडं मिळालं आणि ती गोल्ड घेऊन आली.

नियम आधी असा नव्हता. नादिया कोमानेचीने 1976 ला माँट्रियलमध्ये पहिला परफेक्ट टेन मिळवला तेव्हा ती 14 वर्षांची होती, आजच्या नियमाने तिला एन्ट्रीच मिळाली नसती. पुढे 15 झालं, आणि 1997 पासून 16. लहान मुलींच्या हाडांवर आणि मनावर किती ताण येतो हे बघितलेल्या कोणालाही हा नियम योग्यच वाटेल, मला तर वाटतोच.

पण नियम आला तसे वय लपवण्याचे प्रकारही झाले. चीनच्या डाँग फांगशियाओचं प्रकरण मी प्रत्येक पालकाला सांगते. सिडनी 2000 ला तिची जन्मतारीख 20 जानेवारी 1983 नोंदवलेली होती, चीनच्या मुलींना टीमचं ब्राँझ मिळालं, सगळं झालं. मग 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती तांत्रिक अधिकारी म्हणून कामाला होती आणि त्या कामाच्या कागदपत्रांत जन्मतारीख आली 23 जानेवारी 1986. म्हणजे सिडनीत ती 14 वर्षांची होती. 2010 मध्ये सगळ्या टीमचं ब्राँझ काढून घेतलं आणि अमेरिकेला दिलं. ज्या बाकीच्या मुली नियमात बसत होत्या त्यांचंही मेडल गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कागदपत्रं काय लागतात

मुख्य कागद म्हणजे एफआयजीचं लायसन्स. 2009 पासून ते सुरू झालं, वयाची खात्री व्हावी म्हणूनच. हे सुद्धा फेडरेशनच ऑनलाइन काढतं, आपण द्यायचं ते पासपोर्टची कॉपी, फोटो आणि सही केलेलं संमतीपत्र, मूल अल्पवयीन असेल तर आई-वडिलांची सही. लायसन्सची मुदत दोन वर्षं असते, आणि ते चालू नसेल तर स्पर्धेच्या एन्ट्रीत नाव जात नाही. म्हणून पासपोर्ट लवकर काढा हो, आणि तो काढताना जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार या तिन्हीवर नाव आणि तारीख एकसारखी आहे ना ते आधी बघा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर महिना चुकला होता, तो दुरुस्त करून घेण्यात इतका वेळ गेला की तिच्या आईने त्या काळात निम्मी सुट्टी सरकारी ऑफिसात काढली. ती वेळ कोणावर येऊ नये.

त्याशिवाय प्रवास आणि अपघात विमा लागतो, व्हिसा लागतो, मुलींच्या फ्लोअरसाठी गाण्याची फाइल लागते जी दीड मिनिटाच्या आतली आणि शब्द नसलेली असावी लागते. फेडरेशन एन्ट्री टप्प्याटप्प्याने पाठवतं, आधी देश येणार आहे हे, नंतर आकडा, शेवटी नावं. नावांची तारीख गेली की गेली.

आणि औषधं. हे कागदपत्रांच्या यादीत लोक धरतच नाहीत पण मी धरते. दमा, सर्दी, कसलाही सप्लिमेंट, काहीही घ्यायच्या आधी प्रतिबंधित यादी तपासायची आणि गरजच असेल तर डॉक्टरांचे कागद जोडून उपचारासाठी सूट मिळावी असा अर्ज करायचा, तोही आधी.

देश बदलायचा असेल तर

एकदा एका देशाकडून खेळलात की दुसऱ्या देशाकडून ऑलिम्पिक खेळायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, दोन्ही बाजू तयार असतील तर ही मुदत कमी होते. नवीन देशाचं नागरिकत्व आणि पासपोर्ट, जुन्या फेडरेशनची संमती, एफआयजीची मंजुरी, एवढं जमावं लागतं. कायलिया नेमूर फ्रान्समध्ये जन्मली, तिथेच वाढली, अल्जीरियाकडून खेळायचं ठरवलं तर फ्रान्सकडून मोकळीक मिळेना, ते भांडण बरेच महिने चाललं आणि शेवटी 2023 मध्ये मार्ग निघाला. पॅरिसमध्ये तिने अनइव्हन बार्सवर (वर-खाली उंचीच्या दोन दांड्या) 15.700 मारले आणि गोल्ड घेतलं, आफ्रिकेचं जिमनॅस्टिकमधलं पहिलंच ऑलिम्पिक मेडल.

ओक्साना चुसोवितिनाचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. बार्सिलोना 1992 ते टोकियो, आठ ऑलिम्पिक! आधी सोव्हिएत विघटनानंतरची संयुक्त टीम, मग उझबेकिस्तान, मग मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून उपचारासाठी जर्मनीत गेली आणि जर्मनीकडून 2008 ला व्हॉल्टवर (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) सिल्व्हर, नंतर परत उझबेकिस्तान. त्या सिल्व्हरच्या वेळी ती 33 वर्षांची होती, बाकीच्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या.

कोटा कोणाचा, देशाचा की खेळाडूचा

पॅरिसला मुलींच्या 96 आणि मुलांच्या 96 जागा होत्या. 12 टीम, प्रत्येकी पाच जण, म्हणजे 60, उरलेल्या 36 जागा एकेकट्या खेळाडूंना. टीमच्या जागांपैकी पहिल्या तीन 2022 च्या लिव्हरपूल वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून आणि नऊ 2023 च्या अँटवर्पमधून ठरल्या. टीमची जागा देशाची असते, म्हणजे अँटवर्पमध्ये खेळून जागा मिळवून देणारी मुलगी पॅरिसला असेलच असं नाही, देश दुसरी पाठवू शकतो. एकट्याच्या जागा मात्र बहुतेक वेळा त्या खेळाडूच्या नावावर असतात, वर्ल्ड कप सिरीजमधून किंवा खंडीय चॅम्पियनशिपमधून मिळालेल्या. भारताची पूर्ण टीम क्वालिफाय होत नाही, त्यामुळे आपल्या मुलींसाठी हाच रस्ता आहे. कोविडमुळे आशियाई चॅम्पियनशिप रद्द झाली तेव्हा आपली जिमनॅस्ट प्रणती नायक आशियाच्या कोट्यातूनच टोकियोला गेली.

पाच जण कसे निवडतात, इथे गंमत आहे

टीम पाच जणांची. क्वालिफिकेशनमध्ये प्रत्येक ॲपरेटसवर (म्हणजे व्हॉल्ट, बार्स, फ्लोअर असा एकेक प्रकार) चौघं खेळतात आणि तिघांचे स्कोअर धरतात. फायनलला तिघंच खेळतात आणि तिघांचेही धरतात, म्हणजे एक जण पडला तर तो स्कोअर टाकून देता येत नाही. त्यामुळे पाच सगळ्यात चांगले अष्टपैलू घेतले की टीम झाली असं होत नाही, फायनलच्या बारा रूटीनचं, म्हणजे बारा सादरीकरणांचं (मुलांमध्ये अठरा) मिळून सगळ्यात मोठं टोटल कोणत्या पाच जणांकडून निघतं ते बघावं लागतं.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ कारण तिथली निवड सगळ्यात उघडपणे होते. 2024 च्या जूनअखेर मिनियापोलिसला ट्रायल्स झाल्या. मुलींमध्ये नियम असा की दोन दिवसांचं टोटल धरून जी पहिली येईल ती आपोआप टीममध्ये, बाकी चौघी निवड समिती ठरवणार. जखमी असेल आणि आधीची स्पर्धा हुकली असेल तर ट्रायल्सला घ्या म्हणून विनंती अर्ज करता येतो, शिलीस जोन्स तशीच आली होती. पण तिचा गुडघा व्हॉल्टच्या वॉर्म-अपमध्ये गेला, केला डिचेलोचं अकिलीस (टाचेमागची शीर) तुटलं, स्काय ब्लेकलीचं तर त्याच्या दोनच दिवस आधी सरावात तुटलं. तिघी टीमच्या दारात उभ्या होत्या. सिमोन बाइल्स पहिली आली, मग सुनी ली, जॉर्डन चाइल्स, जेड केरी आणि रिवेरा, म्हणजे त्या वेळी वरच्या पाचच घेतल्या गेल्या. फायनलला बाइल्स आणि चाइल्स चारही ॲपरेटसवर, ली तीनवर, केरी फक्त व्हॉल्टवर, रिवेरा एकाही नाही, पण क्वालिफिकेशनमध्ये खेळली असल्याने गोल्ड तिलाही.

मुलांमध्ये गणित जास्त स्पष्ट दिसलं. ऑल-अराउंडमध्ये, म्हणजे सगळ्या ॲपरेटसच्या टोटलमध्ये, तिसरा आलेला शेन विस्कस राखीव राहिला आणि फक्त पॉमेल हॉर्स (दोन हँडलचा घोडा) खेळणारा स्टीफन नेडोरोशिक आत गेला, कारण अमेरिकेचं पॉमेल कच्चं होतं आणि त्या एका रूटीनने टोटल जेवढं वाढत होतं तेवढं दुसऱ्या कोणाच्या बाकीच्या सगळ्या रूटीनने वाढत नव्हतं. टीम फायनलला तो पाच ॲपरेटस होईपर्यंत बसून होता, डोकं मागे टेकून, डोळे मिटून. शेवटचं ॲपरेटस पॉमेल, त्यातही शेवटचा हाच. उठला, चष्मा काढला, चढला आणि 14.866 घेऊन उतरला. 16 वर्षांनी अमेरिकेच्या मुलांना टीम मेडल मिळालं. विस्कससाठी मन तुटतं हे खरंच, पण निवड चुकली असं कोणी म्हणू शकलं नाही.

टीममध्ये आलं तरी एक नियम उरतोच, एका देशाचे दोनच. ऑल-अराउंड फायनलला 24, ॲपरेटस फायनलला आठ, पण देशाचे जास्तीत जास्त दोन. 2012 ला वर्ल्ड चॅम्पियन जॉर्डिन वीबर क्वालिफिकेशनमध्ये चौथी आली आणि फायनलला नाही, कारण तिच्या पुढे दोन अमेरिकन होत्या. पॅरिसला चाइल्सचं अगदी तेच झालं, चौथी असून बाहेर. लहान देशांना जागा मिळावी म्हणून हा नियम आहे आणि तो हेतू मला पटतो, तरी जगात चौथी आलेली मुलगी प्रेक्षकांत बसलेली बघवत नाही.

आपल्याकडे काय होतं

भारतात फेडरेशनची निवड चाचणी असते आणि त्यावर सरकारचे निकष असतात, दोन्ही पार करावे लागतात. याचा अर्थ काय ते दीपा कर्माकरकडे बघितलं की कळतं. आगरतळ्याची मुलगी, बिश्वेश्वर नंदी सरांची शिष्या, 14 ऑगस्ट 2016 ला रिओत तिने प्रोडुनोव्हा, म्हणजे व्हॉल्टवरची अतिशय कठीण उडी, मारला, जवळजवळ मॅटवर बसलीच पण पायांवर उभी राहिली, 15.066, चौथी, ब्राँझ 0.150 ने गेलं. पुढे 2021 च्या एका सॅम्पलमध्ये हायजेनामाइन हे प्रतिबंधित द्रव्य सापडलं आणि 21 महिन्यांची बंदी आली, जी 10 जुलै 2023 ला संपली. लगेच भुवनेश्वरला एशियन गेम्सच्या चाचण्या झाल्या, त्यात ती पहिली आली. तरी हांगझोऊच्या एशियन गेम्सना गेली नाही. निकष असा होता की मागच्या 12 महिन्यांतली कामगिरी आधीच्या एशियन गेम्सच्या आठव्या क्रमांकाच्या तोडीची हवी, आणि ती तर त्या 12 महिन्यांत खेळूच शकत नव्हती. मे 2024 ला ताश्कंदमध्ये तिने व्हॉल्टवर 13.566 घेऊन आशियाई गोल्ड मिळवलं, भारताचं पहिलं, आणि ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. म्हणून चाचणीचं परिपत्रक आलं की फक्त तारीख आणि ठिकाण बघू नका, निकषात कोणता कालावधी धरलाय, कोणत्या स्पर्धा धरल्यात ते वाचा आणि त्या काळातल्या निकालपत्रकांच्या कॉपी जपून ठेवा.

आपल्या मुलींनाही राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीनेच ओळख मिळते. 2023 च्या गोव्यातल्या नॅशनल गेम्समध्ये महाराष्ट्राची रिदमिक जिमनॅस्ट संयुक्ता काळे आणि ओडिशाकडून खेळलेली प्रणती या दोघींना मिळून सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान होता.

स्कोअरवर हरकत

स्कोअर कमी वाटला तर कोचला हरकत घेता येते, पण फक्त डी स्कोअरवर, म्हणजे रूटीनच्या कठीणपणावर, सफाईच्या मार्कांवर नाही. आधी तोंडी, मग लेखी, सोबत फी, मान्य झाली तर फी परत. शेवटच्या खेळाडूला यासाठी एकच मिनिट मिळतं. पॅरिसच्या फ्लोअर फायनलला चाइल्स शेवटची होती, हरकत मान्य होऊन ती 13.666 वरून 13.766 ला गेली आणि ब्राँझ मिळालं, नंतर क्रीडा लवादाने सांगितलं की हरकत चार सेकंद उशिरा आली, आणि मेडल रोमानियाच्या आना बार्बोसूकडे गेलं. पुढे ते स्वित्झर्लंडच्या कोर्टात पोचलं. दोघी मुलींनी काहीच चूक केली नव्हती.

2028 ला लॉस एंजेलिसमध्ये मुलं-मुली एकत्र असा मिक्स्ड टीम प्रकारही पहिल्यांदा असणार आहे. सध्याच्या वयाच्या नियमाने तिथे 31 डिसेंबर 2012 पर्यंत जन्मलेल्या मुली आणि 31 डिसेंबर 2010 पर्यंत जन्मलेली मुलं बसतात, तेव्हा घरच्या जन्मदाखल्यावरची तारीख एकदा बघून घ्या.